बिघडलं तर कुणाला बोलावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हसून वेळ मारून नेतो. "काका, तुमच्या त्या लिनक्सचं काही बिघडलं तर कुणाला बोलावता?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलाही आजार घेऊन जा, औषध ठरलेलं: "फॉरमॅट मारून देतो." लिनक्स म्हटलं की मात्र तिथला पोरगा हात जोडतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, बरेच जुने प्रोसेसर तर त्याच्या यादीतच नाहीत. तेव्हापासून चांगले चालते लॅपटॉप घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि लिनक्स टाकायच्या आधी हाच प्रश्न टाकतात.

उत्तर असं, की कुणालाच बोलावत नाही. यावर लोकांना वाटतं मी कुणी मोठा इंजिनियर असणार. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. मशीन थांबलं की पान्याला हात लावायच्या आधी पॅनलवरचा अलार्म वाचायचा, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवलं. तरी नवीन पोरं थेट कव्हर खोलायची, आणि मग एका बिघाडाचे दोन व्हायचे. घरी लिनक्सवर मी अलार्म वाचतो, यापलीकडे काही करत नाही.

वळवाच्या पहिल्या पावसात आमच्याकडे वीज जाते, हे नाशिककरांना सांगायला नको. यूपीएसची बॅटरी बदलायची मी दोन महिने टाळत होतो. संध्याकाळी कडाडलं, वीज गेली, चालू मशीन जागच्या जागी बंद. सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा, कंसात 'इनिट्रॅमएफएस' असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. बायको चहा घेऊन आली, म्हणाली, "गेला का?"

गेला नव्हता. त्या शब्दाच्या वरच इंग्रजीत एक ओळ होती. अमुक पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या अमुक भागात, अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके हा डिस्क तपासून दुरुस्त करायचा आदेश हाताने चालवा, असा तिचा अर्थ. पार्टिशनचं नावसुद्धा दिलेलं. डिस्कवर काही लिहिताना लिनक्स आधी त्याची नोंद एका जर्नलमध्ये करतं, त्यामुळे वीज गेली तरी पुढच्या वेळी तो हिशेब आपोआप जुळतो. क्वचित जुळत नाही. तेव्हा ते परस्पर काही ठरवत नाही, मालकाला विचारतं. मी तो आदेश टाइप केला, प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायचा वाय जोडला, पुढे पार्टिशनचं नाव. ओळी सरकल्या, रीबूट केलं, चहा निवायच्या आत डेस्कटॉप समोर. दुकानात नेलं असतं तर फॉरमॅट झाला असता आणि नातीचे बारशाचे फोटोही गेले असते. हेच दर दोन-चार दिवसांनी यायला लागलं असतं, तर मात्र मी विजेला दोष दिला नसता. डिस्क मरायला टेकली असं धरून आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढली असती, बाकीचं नंतर.

पण मला सगळ्यात आवडलेली केस घड्याळाची. इंदिरानगरचा एक विद्यार्थी, लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही. विंडोज उघडलं की घड्याळ मागे. एका मेकॅनिकने बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल बदलला, फरक नाही. पुन्हा बदलला. मी विचारलं, "किती मागे?" म्हणाला, "साडेपाच तास." दर वेळी? "दर वेळी." सेल मेला तर घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसतं, ते नेमके साडेपाच तास कशाला मागे पडेल? साडेपाच तास म्हणजे आपली आणि ग्रिनिचची वेळ यांतला फरक. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. दोघांचं आपापल्या जागी बरोबर, मधल्या मध्ये बिचारा सेल बदनाम. टाइमडेटसीटीएल या घड्याळ लावायच्या साधनाच्या एका आदेशाने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितली, संपलं.

माझं हसं झालेलंही सांगतो. एकदा पासवर्ड बरोबर टाकला, पडदा लुकलुकला आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागला. दहा वेळा तेच. मीही आधी घाबरलोच. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून काळ्या पडद्यावर गेलो, तिथे त्याच पासवर्डने आत घेतलं. म्हणजे पासवर्ड ठीक होता. डिस्कवरची जागा दाखवणारा डीएफ आदेश चालवून पाहिला, डिस्क शंभर टक्के भरलेली. आत शिरताना डेस्कटॉपला दोन-चार बारीक फायली लिहाव्या लागतात, त्यालाही जागा नव्हती. भरली कुणी? मीच. टाइमशिफ्ट नावाची सोय सिस्टिमच्या प्रती काढून ठेवते, घरचं फोल्डर ती मुळात धरत नाही. मी शहाणपणा करून तेही सामील केलं होतं, फोटो-व्हिडिओंसकट. जुन्या प्रती पुसल्या, घरच्या फोल्डरपुढची खूण काढली. माझं जुनं ब्रेकडाउन रजिस्टर अजून चालू आहे, दोनशेपानी वही. त्यात त्या तारखेसमोर 'कारण: ऑपरेटर' असं लिहिलंय.

बाकी बारीकसारीक. नवीन लिनक्सवर वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं, इंटरनेट आलं की मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर बहुतेक वेळा वायफायला हवं ते सॉफ्टवेअर शोधून देतो. मराठी येतं का? येतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा, 'ऱ्य' साठी शिफ्ट जे, मग डी, मग य ची कळ. अपडेट करताना 'लॉक' मिळत नाही असं आलं, तर बहुतेक वेळा मागे दुसरं अपडेट चालू असतं. चहा पिऊन या. ती लॉकची फाइल पुसू नका.

सगळ्यांनाच मी लिनक्स टाकून देतो असंही नाही. मेन रोडवरचे एक व्यापारी आले होते, त्यांचे सगळे हिशेब टॅलीवर, आणि टॅली विंडोजसाठी बनलेलं. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. प्रिंटर आधीच घेतलेला असेल तर त्याचं मॉडेल विचारल्याशिवाय हो म्हणत नाही, कारण काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. आणि कुणालाही पहिल्याच दिवशी डिस्कवर टाकून देत नाही. पेनड्राइव्हवरून चालवा म्हणतो, आवाज, वायफाय, कॅमेरा सगळं बघा, मग या.

परवा शेजारच्या ताईंचा फोन आला. त्यांना मी सांगून ठेवलंय की पडद्यावर काही आलं तर बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. फोटो काढला होता. म्हणाल्या, "काका, तो पासवर्ड मागतोय, मी टाकतेय, पण काहीच उमटत नाहीये. कीबोर्ड गेला वाटतं."

"टर्मिनलमध्ये ना, आदेश टाइप करतो त्या खिडकीत? तुमच्याकडे तिथे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, ताई. पूर्ण टाका आणि एंटर दाबा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "अगंबाई, झालं की!"