जोझु

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. समोरच्या आजी आज मला "जोझु" म्हणाल्या.

एवढंच. छान जमलंय, हात चांगला आहे, असा त्याचा अर्थ. नवरोबांना सांगितलं तर म्हणाले, "मग? कौतुकच केलं ना?" आणि परत लॅपटॉपमध्ये गेले. त्यांना मार्चचं बघायचंय. बघू देत.

पण ज्याने इथे जपानात वर्ष-दोन वर्षं काढली आहेत त्याला जोझु म्हणजे काय ते कळतं. कोन्निचिवा म्हटलं की जोझु. चॉपस्टिकने शेंगदाणा उचलला की जोझु. मला तर एकदा दुकानात "पिशवी नको" म्हटल्यावर जोझु मिळालं होतं. आल्यागेल्याला आपण चहा विचारतो ना, तसं. त्यात खोटं काही नसतं. पण घरच्या माणसाला कुणी चहा विचारत नाही, "तू टाक आणि मलाही दे" म्हणतात.

आणि आजींनी मला आजवर कधीच जोझु म्हटलं नव्हतं. आजींचे शब्द दोन. "दामे" आणि "चिगाउ". पहिला म्हणजे चालणार नाही, दुसरा म्हणजे तसं नव्हे. दोन हिवाळे दर गुरुवारी मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले ती या दोन शब्दांवर. शामोजीची, म्हणजे भाताच्या त्या चपट्या लाकडी डावाची, मनगटावर चापटसुद्धा खाल्ली आहे. या वयात.

सुरुवात भातानेच. ताईला फोनवर कितीदा सांगितलं तरी ती "तू कच्चा मासा हातात कशी गं धरतेस" हेच विचारते. अगं बाई, सुशी म्हणजे मासा नव्हे, सुशी म्हणजे व्हिनेगरचा भात. मुळात तर प्रकार उलटाच होता. मासा टिकावा म्हणून मीठ लावून भातात दाबून ठेवायचे, महिनोन्‌महिने आंबवायचे आणि भात टाकून मासा खायचे. बिवा तळ्याकाठी फुनाझुशी नावाची सुशी अजूनही आंबवूनच करतात. 1820च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, इतकं थांबायला वेळ कुणाला होता? भातालाच व्हिनेगर लावलं, वर मासा ठेवून दाबला, दिला हातात. त्यासाठी हानाया योहेई या माणसाचं नाव घेतात. गाडीपाशी उभ्याने खाऊन कामाला पळायचं. थोडक्यात वडापाव. वडापाव म्हटल्यावर ताईला पटलं, पण पुढच्या फोनला परत कच्चा मासा.

मी मासे खात नाही. पहिल्या दिवशी आजींना हे सांगताना माझी जीभ कोरडी पडली होती. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, "भात तर खातेस ना?" म्हणाल्या आणि तांदूळ धुवायला लावलं.

3 गो तांदूळ. गो हे 180 मिलिलिटरचं माप, तांदूळ त्यात साधारण 150 ग्रॅम बसतात. धुतल्याचं पाणी निवळेपर्यंत धुवायचे, अर्धा तास भिजवायचे, नेहमीपेक्षा किंचित कमी पाण्यात कोंबूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा टाकून शिजवायचे. चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ, हे आधीच विरघळवून तयार. भात गरम असतानाच हांगिरीत उपसायचा. हांगिरी पहिल्यांदा पाहिली आणि मला आजोळची काठवट आठवली. तसंच रुंद, उथळ लाकडी भांडं, फक्त हिला बाहेरून तांब्याच्या पट्ट्या. आधी पाण्याने ओली करायची, नाहीतर शितं चिकटतात. परात का नको? लाकूड जास्तीचं पाणी पितं, परात पीत नाही, भात खालून गिच्च होतो. हे मी घरी परातीत करून बघितल्यावर शिकले. आजींनी कारण सांगितलं नव्हतं. दामे एवढंच सांगितलं होतं.

मग व्हिनेगर ओतलं आणि माझा हात आपोआप दहीभाताला लागला. कालवायला. "चिगाउ!" कालवायचं नाही, कापायचं. शामोजी तिरकी धरून ढिगात वार करत जायचं, खालचं वर आणायचं, परत वार. शीत मोडता कामा नये. त्याच वेळी पंख्याने वारा घालायचा, म्हणजे वाफ निघून जाते आणि भाताला चकाकी येते. आजींकडे कुठल्याशा उन्हाळी जत्रेत मिळालेला पंखा आहे, त्यावर लाल गोल्डफिश. तीन गुरुवार मी फक्त वारा घातला. चौथ्या गुरुवारी एकदम डोक्यात प्रकाश पडला: मसालेभात मी डावाच्या दांड्याने असाच तर हलवते! आईने शिकवलंय, शितं मोडू नयेत म्हणून. येत होतं मला. हात चुकीच्या भाताला गेला होता, इतकंच.

(कोणीतरी विचारलं होतं, इंद्रायणी चालेल का म्हणून. चिकटेल छान. पण त्याचा वास आणि व्हिनेगरचा वास एका ताटात भांडतात. ज्याचं त्याने ठरवावं.)

मासा नाही म्हटल्यावर उरलं काय, तर काकडी, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) आणि कान्प्यो. कान्प्यो म्हणजे वाळलेल्या पिवळसर फिती, हाताला चपलेच्या वादीसारख्या लागणाऱ्या. मला कितीतरी दिवस वाटत होतं, हे समुद्रातलं काहीतरी असणार. मग एकदा पाकिटावरचं चित्र नीट बघितलं. दुधी! म्हणजे जात दुधीचीच, फक्त हा गोल गरगरीत. त्याच्या लांबच लांब फिती सोलतात आणि उन्हाळ्यात वाळवतात. जपानात पिकणारा जवळजवळ सगळा कान्प्यो तोक्योच्या उत्तरेकडच्या तोचिगी प्रांतातला. 1712 साली तिथल्या मिबूला एक सरदार बदलून आला, तोरिई तादातेरु, तो जुन्या जहागिरीतून, मिनाकुचीहून, याचं बी घेऊन आला म्हणतात. बदलीच्या गावाला भोपळ्याचं बी नेणारा माणूस मला फार आवडला. मी येताना फक्त मेथीदाणे आणले होते. आणि आता नेताना काय न्यायचं...

ते नंतर.

स्टेशनजवळच्या आपल्या दुकानातून एक दुधी आणून मी आजींना दाखवला होता. त्यांनी तो कलिंगडासारखा बोटाच्या पेराने वाजवून बघितला. म्हणाल्या, "बारीक आहे. जेवत नाही का?" माझी लेक दुधी तोंडाला लावत नाही. हलवासुद्धा नाही. आणि कान्प्योमाकीच्या, म्हणजे कान्प्यो भरलेल्या सुशीच्या, दोन अख्ख्या सुरळ्या एका बैठकीत संपवते. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आजी मूळच्या इथल्याच, तोक्योतल्या कासाईच्या. आता जिथे आमच्या इमारती आणि शाळा आणि पार्किंग आहे तिथे जवळच समुद्र होता आणि त्यांच्या घरी नोरीचं, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या काळपट समुद्री शेवाळाचं, काम चालायचं. हिवाळ्यात पहाटे गार पाण्यातून काढायची, चिरायची, कागदासारखी चटयांवर पसरून वाळवायची. पुढे भराव पडला आणि ते सगळं गेलं. हे त्यांनी मला एकदाच, नोरीचा कागद उजेडात धरून बघता बघता सांगितलं. आपण पाचशेची नोट धरतो तसा धरतात. मी एकदा शंभर येनच्या दुकानातली नोरी नेली होती. त्यांनी पाकीट हुंगलं आणि काही न बोलता खणात ठेवून दिलं. तेही दामेच.

तर आज. आज मी सगळं एकटीने केलं. कान्प्यो मीठ लावून चोळला, धुतला, नख रुतेपर्यंत उकडला, मग सोय सॉस, साखर आणि मिरिनमध्ये (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) पाणी आटेस्तोवर शिजवला. दाशी, म्हणजे शिजवायचं सार, कोंबूची. भात कापला, कालवला नाही. पंखा लेकीने घातला, मोबाईल बघत. भात अंगाइतका कोमट झाल्यावर, बाळाचं दूध बघतात तसं शीत मनगटावर ठेवून बघितलं. बांबूच्या चटईवर नोरीचा अर्धा कागद, खरखरीत बाजू वर, हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून भात पसरला, पलीकडची बोटभर कड मोकळी सोडली. सुरळीची वडी करणाऱ्या बाईला सुरळी कोण शिकवणार! सुरीला दर कापाला ओलं फडकं. एकेकीचे सहा तुकडे, सगळे सारखे, लेकीच्या तोंडात मावतील असे. डब्यात उभे लावले. वरून बघितलं की पांढऱ्यात तपकिरी ठिपके, इतके देखणे दिसत होते की मी फोटो काढला. मी, फोटो.

आणि समोरचं दार वाजवलं.

आजींनी दारातच झाकण उघडलं. बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हसून "मा, जोझु!" म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, तो त्यांचा पोस्टमनशी बोलायचा आवाज आहे. वर "निहोन्जिन मिताइ," म्हणजे अगदी जपानी बाईसारखं. मान लववली. दार लागलं. हळू लागलं, पण लागलं.

आत ये म्हणाल्या नाहीत. माझ्यासमोर एक तुकडाही तोंडात टाकला नाही.

दोन हिवाळे मी दामे आणि चिगाउ खाल्लं ते या एका जोझुसाठी? दामे म्हणाल्या असत्या तर मी रात्री परत कान्प्यो भिजत घातला असता आणि आनंदाने झोपले असते. पाहुणी करून टाकलं मला. नऊ वर्षं झाली इथे, आणि पाहुणी. की मार्चचं त्यांना कुणी सांगितलं? खालच्या मजल्यावर तर सगळ्यांना माहीत आहे. मीच आधी सांगायला हवं होतं.

डब्यातून उरलेला एक तुकडा होता. खाल्ला. वाईट नाही. जरा गोड झालाय.

रात्री एक

आत्ता ओट्यापाशी पाणी प्यायला उठले आणि पोळपाट दिसला.

गेल्या दिवाळीत आजींना पोळ्या शिकायच्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, बाह्या पट्टीने मागे बांधून लाटायला बसल्या. पोळी झाली ती होन्शूच्या, जपानच्या मोठ्या बेटाच्या, नकाशासारखी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला भोक. तव्यावर फुगली नाही. दातांनी ओढावी लागली. आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "जोझु देसु ने!"

अक्षरशः. याच गोड आवाजात. एकटीच अंधारात हसले मी, पाणी सांडलं. म्हणजे तेव्हा त्याही घरी जाऊन जाग्या राहिल्या असतील का? मला त्यांना दामे म्हणता आलंच नसतं, तोंडच उघडलं नसतं. आई असती तर म्हणाली असती, "परत मळ." मी मात्र त्या नकाशाच्या दोन पोळ्या तुपासाखरेबरोबर खाल्ल्या. मनापासून खाल्ल्या. ते जोझु खोटं होतं असं आजही मला म्हणवत नाही. आणि खरं होतं असंही नाही.

फिट्टंफाट, म्हणायचं.

मंगळवार

सकाळी दाराच्या कडीला फडक्यात बांधलेला डबा. रिकामा डबा परत करायचा नाही हे यांच्यातही आहे, आईकडे निदान साखर तरी घालतातच. मला वाटलं संत्री असतील.

उघडला तर कान्प्योमाकी. त्यांची. एक सुरळी, चार तुकडे, आडवे निजवलेले. चिठ्ठी वगैरे काही नाही.

उभ्यानेच एक खाल्ला. कान्प्यो माझ्याहून गडद, आणि साखर पुढे येत नाही, मागून येते. दात लागला की न ओढता तुटतो. नख रुततं इथवर उकडून मी थांबले होते, यांनी त्यापुढे दोन-तीन मिनिटं ठेवला असणार. भात सैल, तोंडात गेल्यावर सुटणारा. माझा दाबलेला होता, सुरळीच्या वडीचा हात! दुसरा तुकडा खाता खाता मग आठवलं. काकडीच्या सुरळीचे सहा करायचे, कान्प्योच्या सुरळीचे चार. तोक्योत तशी पद्धत आहे. हे त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, आणि मला वाटलं होतं म्हातारीची लहर.

मी सहा केले होते. उभे लावले होते. फोटो काढला होता.

चार तुकडे. चिगाउ, चिगाउ, चिगाउ, चिगाउ.

लेक शाळेतून आली आणि उरलेले दोन खाऊन गेली. "आई, हे आजींचे ना?" तोंड भरलेलं असतानाच विचारलं तिने. कशावरून म्हणालीस, असं विचारलं तर खांदे उडवले.

डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. आता रिकामा तर मलाही देता येणार नाही. पोळ्या नकोत, टोमणा वाटेल. परवा गुरुवार आहे. कान्प्यो भिजत घालते. मार्चचं त्यांना डबा द्यायच्या आधी सांगायचं की नंतर, ते काही ठरत नाहीये.