बुखारातलं घुटं

विट्याच्या माणसाला दिल्लीत मुक्कामासाठी हॉटेल शोधावं लागत नाही. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. दुष्काळाने घराबाहेर काढलं आणि मुशीखालच्या विस्तवाने पोट भरलं. आत्याच्या जावेचा मुलगा, माझा दादा, करोलबागेत असतो, त्याच्याकडे आमचा चार दिवस तळ होता. आत्या म्हणजे वय ७१, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई, विमानात पहिल्यांदाच बसलेल्या. आणि मी, पुण्यात नोकरी करणारी, खाण्यावर पैसे उडवते म्हणून घरात बदनाम.

कुतुबमिनार, लाल किल्ला, राजघाट हा आत्याचा कार्यक्रम होता. माझा एकच होता, सरदार पटेल मार्गावरच्या आयटीसी मौर्य हॉटेलातलं बुखारा. १९७८ पासून चाललेलं हे रेस्टॉरंट. इतक्या वर्षांत मेनू जवळपास तोच ठेवलाय, म्हणून मला त्याचं कुतूहल. दर सहा महिन्यांनी मेनू बदलणारी हॉटेलं पुण्यात ढिगाने आहेत. एकच डाळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं शिजवत बसणाऱ्याची तऱ्हा वेगळी असणार.

"डाळ खायला एवढ्या लांब?" दादाने विचारलं. "काकी, तुम्ही सांगा हिला. त्या पैशात आपल्या गल्लीत आठवडाभर जेवाल."

आत्या म्हणाली, "जाऊन येऊ. नाहीतर जन्मभर बोलून दाखवेल."

दुपारच्या जेवणाला फोन करून टेबल सांगून ठेवलं होतं. धौला कुआंकडून येताना रस्ता एकदम रुंद, दोन्ही बाजूंना दाट झाडी, दुकान म्हणून एक नाही. रिक्षावाल्याने फाटकाच्या अलीकडेच उतरवलं. लॉबीत शिरल्यावर आत्या थबकली आणि मान वर करून बघत राहिली. "अगं, हे तर कार्ल्याचं लेणं." वरच्या घुमटाची घडण पाहून मलाही क्षणभर तसंच वाटलं. त्या घुमटावर कृष्ण खन्नांनी रंगवलेली मोठी मिरवणूक आहे आणि त्या मिरवणुकीत राजे-महाराजे शोधले तर रोजची, रस्त्यावरची माणसंच भेटतात. आत्याने तिथे चांगली दहा मिनिटं काढली. "याचे पैसे नाहीत ना?" असं हळूच विचारलंही. नव्हते. बिलाचा विचार करताना ही दहा मिनिटं मी जमेच्या बाजूला धरली आहेत.

बुखारात आत गेलं की पंचतारांकित हॉटेल मागे राहतं. दगडी भिंती, टांगलेली तांब्याची भांडी, बुटकी लाकडी बैठक. काचेपलीकडे भटारखाना उघडा, तिथे माणसं लांब सळ्या तंदुरात सोडतायत, काढतायत. मेनू लाकडी फळीवर. टेबलावर काटे-चमचे नाहीत, हाताने जेवायचं आणि गळ्यात चौकटीचं एप्रन बांधायचं. ज्यांना हाताने जेवायची सवय सुटलेली आहे त्यांना या प्रकाराची फार गंमत वाटते. बिल क्लिंटन इथे जेवले, त्यांच्या नावाचा थाळा मेनूवर आला. ओबामाही या हॉटेलात उतरले होते. शेजारच्या टेबलावरचे परदेशी पाहुणे एप्रनसकट फोटो काढून घेत होते. आत्याने एप्रन नाकारलं. पदर खोचला आणि म्हणाली, "सत्तर वर्षं हाताने जेवतीय, अजून सांडलं नाही."

मेनूतल्या किमती तिने वाचल्या आणि मग वर बघितलं नाही. मी घाईघाईने सांगून टाकलं: दाल बुखारा, सिकंदरी रान, एक पनीर टिक्का, खस्ता रोटी. पाणी बाटलीतलं हवं का, असं वाढप्याने विचारलं. आत्या म्हणाली, "साधं."

डाळ आधी आली. काळसर तांबूस, वर लोण्याची तकाकी. अख्खे उडीद, टोमॅटो, आलं-लसूण, लोणी, साय. रात्रभर, जवळजवळ अठरा तास, तंदुराच्या निखाऱ्यावर मंद शिजवतात. आत्याने रोटीचा तुकडा बुडवला, खाल्ला, डोळे मिटले. मी वाट बघत होते.

"घुटं आहे."

"काय?"

"उडदाचं घुटं. लोणी ओतलेलं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सातारा-सांगलीकडे सालीच्या उडदाची डाळ शिजवून घोटतात, हिरवी मिरची, लसूण, खोबरं घालतात आणि भाकरी कुस्करून ओरपतात. पाहुण्यांना सहसा वाढत नाहीत. मी हसले खरी, पण पुढच्या घासाला जाणवलं की बाई बरोबर बोलतायत. उडदाला जात्याच चिकटपणा असतो. आपण तो रवीने घोटून बाहेर काढतो, हे लोक विस्तवाला ते काम करू देतात. दाणा दिसायला अख्खा राहतो आणि जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. मसाला म्हणावा असा जवळपास नाहीच. टोमॅटोचा आंबटपणा लोण्याच्या मागे दबून बसलेला आणि सगळ्यात शेवटी धुराची एक पुसट रेघ. कुकरच्या सहा शिट्ट्यांत हे होत नाही. मी करून पाहिलं आहे.

याच आयटीसीने 'किचन्स ऑफ इंडिया' या नावाखाली दाल बुखारा बंद पाकिटातही विकली. म्हणजे डाळ घरपोच मिळू शकते, निखारा मिळत नाही. किंमत द्यायची तर त्याचीच.

रान आल्यावर मात्र आत्याचा चेहरा बदलला. बकऱ्याची अख्खी मांडी, हाडासकट. व्हिनेगर, दालचिनी, शहाजिरं, लाल मिरची यांत मुरवलेली. तिने बोटाने एक पदर ओढला, तो आपसूक सुटून आला. "आधी शिजवलंय, मग भाजलंय," तिने निकाल दिला. वाढप्याला विचारलं तर त्याने मान डोलावली: आधी झाकून मंद आचेवर, शेवटी तंदुरात. तो तिच्याकडे जरा आदराने बघायला लागला. सांगलीकडच्या माणसाची मटणाबद्दल एक ठाम समजूत असते. ते दाताला कळलं पाहिजे आणि रश्शात तरंगलं पाहिजे. रानात रस्सा नाही, दाताला काम नाही. तरी आत्या हाडापर्यंत पोचली. "रस्सा असता तर..." एवढं एकदा म्हणाली आणि पुन्हा हात घातला. सिकंदराच्या नावाचं हे मटण खरंच त्याच्या काळातलं असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही आणि बुखारा शहर तर पार उझबेकिस्तानात. इथलं जेवण वायव्य सरहद्दीच्या वळणाचं. दिल्लीला तंदुराची ही चटक लावली ती फाळणीत तिकडून आलेल्या माणसांनी. पेशावरहून आलेल्या मंडळींनी १९४७ साली दर्यागंजात मोती महल काढलं. बटर चिकन आणि दाल मखनी नेमकी कोणाची, हा वाद तर अलीकडे दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन पोचला.

यावरून आठवलं. आयटीसीच्याच दुसऱ्या हॉटेलांत याच धर्तीचं 'पेशावरी' नावाचं रेस्टॉरंट आहे. मुंबईत विमानतळाजवळ ते ज्या हॉटेलात आहे, त्याचं नाव आयटीसी मराठा. १७५८ मध्ये मराठे अटक ओलांडून पेशावरपर्यंत गेले होते, आता पेशावर सहारला मराठ्यांच्या घरी येऊन राहिलं आहे. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिथेच का नाही नेलंस? विमानाचं भाडं वाचलं असतं."

पनीर आणि शेवटची कुल्फी दोन्ही चांगली होती. पण त्यांच्यासाठी मी इथवर आले नसते.

रान दोघींना संपणारं नव्हतं. मला बांधून मागायला संकोच वाटत होता. आत्याला अजिबात नाही. त्यांनी हसत, नीट डब्यात भरून दिलं.

बिल करांसह साडेनऊ हजारांच्या आसपास गेलं. आत्याने चष्मा लावून ते उत्तरपत्रिका तपासावी तसं तपासलं. कराच्या रकमेवर बोट ठेवून म्हणाली, "हे एवढं?" खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर १८ टक्के जीएसटी, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. तीच डाळ, पण छप्पर महागडं म्हणून १३ टक्के जास्त. आत्याने लगेच किलोभर उडदाचा भाव, त्यातून किती वाट्या, लोणी, कोळसा असा हिशोब मांडला. उत्तर इतकं लाजिरवाणं आलं की मी ते इथे लिहीत नाही. मग तीच म्हणाली, "पण रात्रभर कोणीतरी जागं राहत असेल ना त्या निखाऱ्यापाशी. त्याचा पगार धरला पाहिजे."

पैसे फुकट गेल्याची भावना मला माहीत आहे, म्हणून ती इथे आली नाही हे मी खात्रीने सांगू शकते. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका गच्चीवरच्या हॉटेलात (नाव जाऊ दे) मिसळ तीन वाट्यांत वेगवेगळी करून आली होती. मटकी एकीकडे, फरसाण दुसरीकडे, आणि तर्री इंजेक्शनच्या नळीत. जोडायचं काम गिऱ्हाइकाचं. वर १० टक्के सेवाशुल्क परस्पर लावलेलं. हे शुल्क सक्तीने घेता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मी हे सांगितल्यावर मॅनेजर असा बघत राहिला जणू मी त्याची नळी पळवली. तिथे अठराशे गेले त्याची हळहळ अजून आहे. इथल्या साडेनऊ हजारांची नाही. मात्र पुढच्या वेळी गेले तर चार जण घेऊन जाईन. एक रान, दोन डाळी, रोट्या, बाकी काही नाही.

रात्री करोलबागेत दादाने आकडा विचारला. मी सांगितला. गलाईवाला तो, सगळं सोन्यात मोजतो. "म्हणजे आजच्या भावाने ग्रॅमभरही झालं नाही," असं म्हणून त्याने डब्यातलं उरलेलं रान तव्यावर गरम केलं, वहिनीने सांगलीहून आणलेल्या कांदा-लसूण चटणीत पाणी घालून झणझणीत रस्सा केला, मटण त्यात सोडलं आणि आम्ही पाच जणांनी ते भाताबरोबर संपवलं. आत्या म्हणाली, "आता झालं मटण."

दुसऱ्या दिवशी तोल साधायला जामा मशिदीजवळच्या करीममध्ये गेलो. १९१३ पासूनची ही जागा. अरुंद बोळ, मध्ये चौक, भोवती टेबलं, कोरमा आणि खमिरी रोटी. दोघींचं मिळून आदल्या दिवशीच्या कराएवढंही बिल झालं नाही. चव? कोरमा मला रानाइतकाच आवडला. पण तिथे घुमट नव्हता, गर्दीत मांडीला मांडी लागत होती आणि आत्याच्या गुडघ्यांना ती बुखारातली बुटकी बैठकही नको होती, हा बाकही नको होता.

परत येऊन महिना झाला असेल. एका रविवारी सकाळी सातलाच आत्याचा फोन आला. विट्याच्या घरी अजून पाण्याचा बंब पेटतो. आदल्या रात्री तिने बंबाखालचे निखारे चुलीत ओढून त्यावर अख्ख्या उडदाचं पातेलं ठेवलं होतं. टोमॅटो घातला, लोणी घरचं.

"मग?"

"तीनला डोळा लागला माझा. खाली लागली डाळ."

"आणि वरची?"

"वरची लागली नाही. भाकरी टाकतीय आता."