सलामान्का आणि कोइंब्रा: दोन भाषांसाठी दोन गावं

स्पॅनिश येत असली की पोर्तुगीज आपोआप येते, हे मला आजवर कितीतरी जणांनी ऐकवलं आहे. कागदावर ते बरंचसं खरंही आहे. स्पॅनिश वर्तमानपत्र सरळ वाचणाऱ्याला पोर्तुगीज मथळा कळतो, थोडं थांबत वाचलं तर बातमीही कळते. पण तोच माणूस कोइंब्राच्या एखाद्या बेकरीत रांगेत उभा राहिला, की पुढच्या बाईने नक्की काय मागितलं याचा त्याला पत्ता लागत नाही. या दोन भाषांची पदवी घेताना एक अख्खं वर्ष परदेशात का काढायचं, असं कुणी विचारलं तर मी त्या रांगेकडे बोट दाखवते.

मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात स्पॅनिश आणि पोर्तुगीज शिकते. पदवी चार वर्षांची, त्यातलं तिसरं वर्ष बाहेर. स्पॅनिश बहुतेकांनी शाळेत केलेली असते. पोर्तुगीज मात्र अगदी मुळापासून सुरू होते आणि दोन वर्षांत ती इतकी वर आणावी लागते, की तिसऱ्या वर्षी तिथल्या मुलांच्या शेजारी बसून त्यांचीच परीक्षा देता आली पाहिजे. बरेच जण ते वर्ष एकाच देशात काढतात. पोर्तुगीजसाठी ब्राझीलला जाणारेही पुष्कळ. मी वर्षाचे दोन भाग केले: सप्टेंबर ते जानेवारी स्पेनमधलं सलामान्का, फेब्रुवारी ते जून पोर्तुगालमधलं कोइंब्रा. दोन देश म्हटल्यावर दोन व्हिसा, दोन भाडेकरार, दोन विद्यापीठांचे दोन प्रकारचे अर्ज. त्या कागदपत्रांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सलामान्का विद्यापीठ १२१८ सालचं. गावातल्या जुन्या इमारती जवळच्या व्हियामायोरच्या खाणीतल्या दगडाच्या आहेत. त्या दगडात लोह असल्यामुळे तो काळाबरोबर सोनेरी होत जातो, आणि उन्हं उतरली की प्लाझा मायोर या मुख्य चौकाच्या चारही बाजू पिवळ्याधमक दिसतात. भिंतींवर जागोजागी तांबड्या रंगात नावं आणि चिन्हं रंगवलेली आहेत. पूर्वी डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाचा जयघोष असा भिंतीवर लिहीत, आणि त्या रंगात बैलाचं रक्त मिसळत असत.

जुन्या विद्यापीठात एक वर्ग तसाच राखून ठेवला आहे, कवी आणि धर्मपंडित फ्राय लुईस दे लेओन यांच्या नावाचा. बाकं म्हणजे जेमतेम तासलेली लांब लाकडं. टेकायला पाठ नाही, आणि बसायची जागा वीतभरही रुंद नाही. जवळ जाऊन पाहिलं की लाकडावर नावंच नावं दिसतात, चाकूने कोरलेली. काही खोल, काही अर्धवट सोडलेली, एकमेकांवर चढलेली. हिवाळ्यात त्या दगडी खोलीत कसली थंडी पडत असेल, हे सलामान्कात डिसेंबर काढलेल्यालाच कळेल. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे आणि तिथली कोरडी थंडी हाडात शिरते.

याच विद्यापीठात शिकलेल्या आणि पुढे तिथेच शिकवलेल्या अंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ साली स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण काढलं. लॅटिनला व्याकरण असतं, रोज घरात बोलतो त्या भाषेला कशाला, असं मानण्याचा तो काळ होता. मी भाषाशास्त्राचा विषय तिथे घेतला त्याचं हेच कारण. नेब्रिहाबद्दल पुस्तकात कुठेही वाचता येतं, पण त्याच्याच गावात, त्याच्या नियमांवर हुज्जत घालणाऱ्या मुलांमध्ये बसून ते ऐकणं मला हवं होतं.

सलामान्काची स्पॅनिश कानाला सोपी आहे. स्वर पाचच, आणि पाचही ठणठणीत. बोलणारा कितीही घाईत असला तरी शब्द शेवटपर्यंत ऐकू येतो. माणसंही तशीच मोकळी. भेटायचं ठरलं की प्लाझा मायोरच्या घड्याळाखाली. दुपारचं जेवण तीनला. संध्याकाळी बारमध्ये काही प्यायला घेतलं की सोबत छोटी बशी येते, त्यात बहुतेक वेळा इथले खास पतातास मेनेआस: कुस्करलेले बटाटे, आपल्या पिवळ्या भाजीत हळदीऐवजी लाल मिरचीपूड घातल्यासारखे. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. ते नको असतील तर आधी सांगावं लागतं. आणि वर्गात तर पहिल्याच तासाला प्राध्यापिकाबाईंनी आपल्याला पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं. मुलं त्यांना सरळ 'तू' म्हणत होती. दिवाळीपर्यंत तो 'तू' माझ्याही तोंडात बसला.

फेब्रुवारीत बसने निघाले. सलामान्काहून पश्चिमेला जाताना मैलोन्‌मैल विरळ ओकची कुरणं लागतात, त्यांत काळी डुकरं आणि झुंजीचे बैल चरत असतात. सिउदाद रोद्रिगो मागे पडलं की सीमा येते, आणि घड्याळ एक तास मागे घ्यावं लागतं. पलीकडचं पहिलं गाव व्हिलार फोर्मोझो. बहुतेक प्रवासी तिथे उतरत नाहीत. मी मुद्दाम उतरले.

तिथल्या रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांची चित्रं आहेत, देशातल्या प्रेक्षणीय जागांची. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर हजारो निर्वासितांनी पोर्तुगाल म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते हेच स्टेशन. त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात बोर्दोचे पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिस्तिदेस द सोझा मेंदेस यांनी दिलेले व्हिसा होते. हुकूमशहा सालाझारच्या सरकारचा स्पष्ट मनाई हुकूम असताना त्यांनी ते दिले. त्यासाठी त्यांची नोकरी गेली, आणि १९५४ साली ते दारिद्र्यात वारले. स्टेशनाच्या आवारात २०१७ पासून याच विषयाचं संग्रहालय आहे. सोझा मेंदेस आणि सालाझार दोघेही कोइंब्राच्या कायदा शाखेचे पदवीधर. आपण शिकायला चाललोय त्याच विद्यापीठातून हे दोघे बाहेर पडले, हा विचार पुढच्या सगळ्या प्रवासात माझ्या डोक्यातून गेला नाही.

कोइंब्रा विद्यापीठ १२९० साली लिस्बनमध्ये सुरू झालं आणि १५३७ साली कायमचं कोइंब्रात आलं. ते टेकडीच्या माथ्यावर आहे, गाव खाली मोंदेगो नदीपर्यंत उतरत जातं. वर चढायच्या एका जिन्याचं नावच केब्रा कोस्तास, म्हणजे पाठमोड. पावसात तिथले गुळगुळीत दगड घसरतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस असतोच. घरांना हीटर नसतात, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. सलामान्काच्या थंडीपेक्षा ही ओल मला जड गेली.

त्याहून जड गेलं ते ऐकणं. पोर्तुगालमधली माणसं आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळतात. 'तेलेफोने' लिहिलेलं असतं, ऐकू येतं 'त्लफोन'. शब्दाच्या शेवटी 'श', मध्ये 'श', आणि दोन शब्दांच्या सांध्यावर तिसरंच काही. ब्राझीलची पोर्तुगीज इतकी आखडत नाही, त्यामुळे ती ऐकून आलेल्यालाही इथे नव्याने कान तयार करावा लागतो. तोंडात स्पॅनिश बसलेली असताना दोन्हींची सरमिसळ होते, तिला पोर्तुन्योल म्हणतात. सगळेच विद्यार्थी त्यातून जातात. माझ्या मते त्यावर उपाय एकच: काही महिने स्पॅनिश पूर्ण बंद. मी स्पॅनिश मैत्रिणींचे फोनसुद्धा एप्रिलपर्यंत टाळले.

पण मला कोइंब्राने खरं शिकवलं ते बोलण्यातलं अंतर. इथे प्राध्यापकांना 'तू' तर नाहीच, 'तुम्ही'सुद्धा तोंडावर म्हणत नाहीत. समोर बसलेल्या सरांनाच विचारायचं, 'सरांना या मुद्द्याबद्दल काय वाटतं?' ब्राझीलमध्ये सर्रास चालणारं 'व्होसे' इथे वडीलधाऱ्यांना म्हटलं तर उद्धट वाटू शकतं. माझी घरमालकीण मला विचारायची, 'मेनीनाला सूप हवंय का?' मेनीना म्हणजे मुलगी, आणि ती मुलगी म्हणजे समोर उभी असलेली मी. वर्गातल्या इंग्रज मुलांना हे फार अवघड गेलं. मला गेलं नाही, कारण 'सरांचा चहा झाला का?' असं सरांनाच विचारत मी वाढले. तोवर मराठीचा या अभ्यासात काही उपयोग होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात केइमा दास फितास हा विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव असतो. त्यात मध्यरात्री जुन्या कॅथेड्रलच्या, से वेल्याच्या, पायऱ्यांवर फादो या पोर्तुगीज गाण्यांची मैफल होते. कोइंब्राचा फादो परंपरेने पुरुषच गातात, काळा झगा अंगावर घेऊन, आणि त्यांची गिटार लिस्बनच्या गिटारीपेक्षा एक स्वर खाली लावलेली असते. हा उत्सव १९६९ साली बंद पडला होता. त्या वर्षी १७ एप्रिलला, राष्ट्राध्यक्षांसमोर, विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने बोलायची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. पुढे अटका, परीक्षांवर बहिष्कार, आणि विद्यार्थ्यांनी उत्सव न करण्याचा निर्णय. तो पुन्हा सुरू व्हायला हुकूमशाही जाऊन काही वर्षं लोटावी लागली. हे ठाऊक असताना त्या गर्दीत उभं राहणं वेगळं असतं.

जूनमध्ये परीक्षा संपल्यावर लिस्बनला तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दफ्तरखान्यात गेले. आमचं आजोळ वसईचं. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला मी लहानपणापासून पाहत आले, पण हरलेल्या बाजूचे कागद कोणत्या भाषेत आहेत याचा विचार कधी शिवला नव्हता. गोव्याहून लिस्बनला गेलेल्या पत्रव्यवहारात मराठ्यांचा उल्लेख पानोपानी आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरातून असे किती कागद उजेडात आणले, ते इतिहासाच्या वाचकांना माहीत आहे. ते वाचायला पोर्तुगीज येणारी मराठी माणसं आज फार थोडी आहेत, आणि ही उणीव मला मनापासून टोचते.

तिथून परतताना चौथ्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय पक्का केला. १७७८ साली रोममध्ये मराठीचं एक व्याकरण छापलं गेलं, तेही पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं. मार्गदर्शकांनी होकार दिला आहे. 'तू' आणि 'तुम्ही' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, हे त्यात पोर्तुगीज वाचकाला सांगितलं आहे का, आणि असेल तर कसं, ते मला सगळ्यात आधी पाहायचं आहे.