बेन्झीनचे सहा बंध

बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा मोल, अणुरचना वगैरे प्राथमिक भाग बारावीच्या तयारीवर निभावला. खरा कस लागला तो सेंद्रिय रसायनशास्त्रात. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे वक्र बाण काढून वहीत स्वतः दाखवल्याशिवाय हा विषय कळत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी धाकट्या बहिणीलाही मी तेच सांगते.

सायक्लोहेक्झीन या एक दुहेरी बंध असलेल्या द्रवात ब्रोमिनचे पाणी थेंबथेंब टाकून परीक्षानळी हलवली, की ब्रोमिन त्या दुहेरी बंधाशी जोडला जातो आणि नारिंगी रंग बघता बघता नाहीसा होतो. बेन्झीन या सहा कार्बनच्या वलयाच्या संयुगाच्या सूत्रात तर तीन दुहेरी बंध काढलेले असतात, तरीही तिथे हा रंग असा उडत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ मध्ये बेन्झीनसाठी वलयाची रचना सुचवली, पण एवढ्याने या वागण्याचा उलगडा होत नव्हता. साधा एकेरी कार्बन-कार्बन बंध सुमारे १५४ आणि दुहेरी १३४ पिकोमीटर लांबीचा असतो. बेन्झीनमधले सहाही बंध मात्र सारखेच, सुमारे १३९ पिकोमीटरचे भरतात, कारण दुहेरी बंधांमधले सहा पाय (π) इलेक्ट्रॉन एकेका बंधात न अडकता संपूर्ण वलयावर पसरलेले असतात. त्यातून मिळणारे स्थैर्य बेन्झीन सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच फेरिक ब्रोमाइडसारखे उत्प्रेरक घातल्यावरही ब्रोमिनची भर पडत नाही, तर एका हायड्रोजनच्या जागी ब्रोमिन येतो आणि वलय अभंग राहते.