बाई, केदार आणि आपली प्रार्थना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा मेसेज ग्रुपवर आला, मनोगत पाठवा म्हणाले, आणि मला संगीताच्या बाईंशिवाय दुसरं काही सुचेचना. बाकी सरांवर कोणीतरी लिहीलच, मी बाईंवरच लिहिणार.

आठवीत असताना पावसामुळे पीटीचा तास रद्द झाला आणि बाई टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात आल्या, बाहेर पागोळ्या धो धो पडतायत आणि बाईंनी 'गुड्डी'तलं 'बोले रे पपीहरा' लावलं. गाणं संपल्यावर पेटीवर कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद, म्हणजे 'नी' स्वराची दोन रूपं, लागोपाठ वाजवले, मग स्वतः गाऊन कोमल गंधार, म्हणजे कोमल 'ग', कसा झुलतो ते ऐकवलं, म्हणाल्या हा राग मियाँ मल्हार. आणि विचारलं, याच सिनेमातलं एक गाणं तुम्ही रोज म्हणता, कुठलं? सगळे गप्प. 'हमको मन की शक्ति देना'! आपली प्रार्थना सिनेमातली आणि तीही केदार रागातली, हे तेव्हा कळलं. सा वरून रे ग सोडून थेट मध्यमावर, म्हणजे 'म'वर जायचं, हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की आजही केदार कुठेही लागला तरी मला त्या 'सा म'वरूनच ओळखू येतो. मग त्यांनी 'मुगल-ए-आझम'मधलं 'बेकस पे करम कीजिए' म्हणून दाखवलं, तोही केदारच, पण संगीतकार नौशादनी त्यातून केवढी आर्तता काढलीय!

'गुड्डी'चे संगीतकार वसंत देसाई आपल्या सिंधुदुर्गातले, हे बाई फार अभिमानाने सांगायच्या. 'झनक झनक पायल बाजे'च्या शीर्षकगीतासाठी त्यांनी थेट शास्त्रीय गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आवाज घेतला, राग अडाणा, साल १९५५. तीन-चार मिनिटांत रागाचा चेहरा उभा करायचा आणि गाणं रिक्षावाल्याच्याही ओठांवर आणायचं, याला मी फार मोठी विद्या मानतो.

आज मी मुंबईत साउंड रेकॉर्डिंग करतो, दोन मराठी सिनेमांना माझं नाव लागलंय, ते सगळं त्या तासांमुळे. वाईट एवढंच वाटतं की आता बऱ्याच शाळांत प्रार्थना स्पीकरवर लावतात आणि संगीताचा तास गणिताला देऊन टाकतात.

बाई कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलं. समितीला विनंती, त्यांचा नुसता शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू नका, अर्धा तास माइक त्यांच्याकडे द्या, पेटी मी घेऊन येतो.