पूल क्यूची तुलना: आधी टिप, मग शाफ्ट, शेवटी बाकीचं

दोन क्यू (पूल खेळायच्या काठ्या) हातात घेऊन 'हा जास्त छान लागतो' असं ठरवण्याआधी दोघांच्या टिप, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टोकावरच्या गाद्या, नीट बघा. एकाला कडक, चपटी झालेली टिप असेल आणि दुसऱ्याला नुकती घासून गोल केलेली मऊ लेयर्ड (थर चिकटवून केलेली) टिप, तर आपण क्यूंची नाही, टिपांचीच तुलना करत असतो. क्यूमधल्या स्वस्त भागांपैकी तो एक, आणि लागण्यात सगळ्यात जास्त फरक पाडणाराही तोच. त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही क्यूंना एकाच कडकपणाची टिप लावा, सारखा गोलवा द्या, सारखा चॉक (टिपेला लावायचा खडू) वापरा आणि मगच शॉट मारून बघा. मऊ टिप चॉक चांगला धरते, पण कडेने फुगते आणि वरचेवर घासावी लागते. कडक टिप आकार टिकवते, मात्र पृष्ठभाग गुळगुळीत झाला की मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरणं, वाढतात.

'मऊ टिपेने जास्त स्पिन मिळतो' हे सरसकट खरं नाही. स्पिन ठरतो तो टिप बॉलच्या मध्यापासून किती बाजूला आणि किती वेगाने लागली यावर. बॉलचा व्यास 57.15 मिमी आहे. मध्यापासून साधारण 14 मिमीच्या पलीकडे गेलात की टिप कुठलीही असो, घसरणारच.

टिप आणि बॉल एकमेकांना जेमतेम एक हजारांश सेकंद चिकटून असतात. हाताला फील जाणवतो तेव्हा बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून क्यूचे पुढचा शाफ्ट आणि मागचा बट हे दोन भाग जोडणारा जॉइंट स्टीलचा की लाकडाला लाकूड भिडणारा, त्यातली पिन जाड की बारीक, या गोष्टींनी आवाज, कंप आणि तोल बदलतो, बॉलचा मार्ग जवळपास नाही. तरी हा फील बिनमहत्त्वाचा समजू नका. आपण बॉल कुठे मारला हे त्यातूनच कळतं, आणि सराव करणाऱ्याला ते लागतंच.

मार्ग बदलतो तो डिफ्लेक्शनमुळे. उजवी साइड दिली, म्हणजे मध्याच्या उजवीकडे मारलं, की पांढरा बॉल थोडा डावीकडे सरकून निघतो. फिरू लागलेला बॉल टिपेला बाजूला ढकलतो, आणि पुढच्या टोकाचं वजन जितकं जास्त, तितका उलटा धक्का बॉलला बसतो. एवढ्या कमी वेळात फक्त टोकाकडचा वीतभर भागच यात सामील होतो. त्यामुळे बट कितीही महाग असो, इथे त्याचा उपयोग नाही. लो-डिफ्लेक्शन शाफ्ट पुढून पोकळ असतो, फेरूल (टिपेखालची टोपी) हलकं असतं आणि व्यासही बहुधा 13 मिमीपेक्षा कमी. कार्बन शाफ्ट तर नळीच असतो.

हे मोजायची पद्धत अशी. पांढऱ्या बॉलपासून सुमारे 75 सेंमीवर दुसरा बॉल ठेवा आणि फुल बॉलवर, म्हणजे बरोबर त्याच्या मध्यावर, नेम धरा. ब्रिजचा हात (टेबलावर टेकवून क्यूला आधार देणारा) न हलवता मागचा हात सरकवून टिप उजव्या साइडला न्या, मध्यापेक्षा किंचित खाली ठेवा आणि सरळ, जोरात मारा. पांढरा बॉल आदळून जागच्या जागी भिंगरीसारखा फिरत राहिला तर तुमच्या ब्रिजची लांबी (त्या हातापासून बॉलपर्यंतचं अंतर) त्या शाफ्टला नेमकी जुळली. टक्कर फुल न होता पांढरा बॉल नेमाच्या डावीकडून लागला, तर ब्रिज लहान करा. उजवीकडून लागला तर वाढवा. साध्या मेपल शाफ्टला ही लांबी साधारण 20 ते 35 सेंमी निघते. लो-डिफ्लेक्शनला बरीच जास्त, कधी आरामात घेता येणार नाही इतकी. हळू मारलंत किंवा बट उचललात तर बॉल वळण घेत परत येतो आणि मोजमाप बिघडतं. दुसरा बॉल कुठे गेला त्यावर मात्र निष्कर्ष काढू नका, कारण स्पिनमुळे तोही थोडा ओढला जातो.

क्यूची बांधणी तपासताना तो जोडून टेबलावर घरंगळवा, मग शाफ्ट आणि बट वेगवेगळे. शाफ्ट निमुळता असल्याने खाली फट दिसणारच. ती फिरताना कमीजास्त होत असेल तर लाकूड वाकलंय. दोन्ही भाग सरळ पण जोडल्यावर टोक डुलतं, तर जॉइंटची तोंडं नीट कापलेली नाहीत. फेरूलच्या सांध्यावरून नख फिरवा, ते अडकता कामा नये. क्यू सैल धरून बटचं रबर जमिनीवर हलकेच आपटा. खडखड आली तर बहुतेक आतला वजनाचा बोल्ट सैल असतो.

वजन बहुतेकांना 18 ते 21 औंसांत जमतं, म्हणजे सुमारे 510 ते 595 ग्रॅम. पण सारख्या वजनाचे दोन क्यू तोलामुळे अगदी वेगळे वाटतात. बोल्ट बदलून वजन वाढवलं की तोल मागे सरकतो, हे लक्षात ठेवा. टेपर, म्हणजे शाफ्ट कसा निमुळता होतो, तोही हाताला लगेच कळतो. प्रो टेपरमध्ये टिपेपासून 25 ते 40 सेंमी जाडी जवळपास तीच राहते, त्यामुळे बंद ब्रिजमधून (बोटाच्या कड्यातून) शाफ्ट एकसारखा सरकतो. शंकूसारखा टेपर लवकर जाड होतो आणि जास्त ताठ लागतो. रॅपचं, म्हणजे बटच्या मुठीवरच्या गुंडाळीचं, म्हणाल तर घाम येणाऱ्या हाताला लिनन बरं. बटवरची नक्षी फक्त डोळ्यांसाठी आहे.

साध्या शाफ्टवरून लो-डिफ्लेक्शनवर आलात की सवयीने केलेली नेमाची दुरुस्ती जास्त होते आणि साइड दिलेले शॉट एकाच बाजूला चुकू लागतात. म्हणून पहिल्या तासाभरात नव्या शाफ्टला नावं ठेवू नका. आधी साइड न देता मध्यावर मारून तोल, टेपर आणि आवाज बघा. साइडचे शॉट त्यानंतर.