ड्राइव्हवर आहे, मग बॅकअप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या कोल्हापुरात शिरोलीची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) असो, मार्केट यार्डातलं अडत दुकान असो की राजारामपुरीतलं सीएचं ऑफिस, बॅकअपचा विषय निघाला की प्रश्न एकच येतो: “आमचं सगळं गुगल ड्राइव्हवर आहे की. परत बॅकअपला पैसे कशाला घालायचे?” प्रश्न रास्त आहे. ड्राइव्हचे पैसे दर महिन्याला जातातच, फाइली मोबाइलवरही दिसतात.

पण ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं काम सिंकचं. ऑफिसच्या फोल्डरमध्ये जे होईल ते तसंच्या तसं वर करायचं. त्यात डिलीटही आलं. सकाळी कुणी चुकून ‘ड्रॉइंग्ज’ फोल्डर उडवला की मिनिटाभरात तो वरूनही उडतो. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो. बिझनेसच्या वनड्राइव्हमध्ये ९३ दिवस. पीडीएफ, एक्सेल, कॅडच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या गुगल साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच ठेवतो. आता जून महिन्यात पुसलेलं एखाद्या पॅटर्नचं ड्रॉइंग गिऱ्हाइकानं ऑक्टोबरमध्ये रिपीट ऑर्डर दिल्यावर आठवतं. तोवर ते कुठंच उरलेलं नसतं.

टॅलीचं तर आणखी अवघड. टॅलीचा डेटा फोल्डरच ड्राइव्हमध्ये ठेवलेला मला फार ठिकाणी दिसतो, आणि हे ताबडतोब थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीच्या फोल्डरमध्ये एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली असतात. चार जण बिलं करत असताना सिंकचा प्रोग्रॅम एक फाइल ११ वाजून २ मिनिटांची उचलतो, दुसरी ११ वाजून ५ मिनिटांची, आणि तिसरी टॅलीनं धरून ठेवलेली असते म्हणून सोडून देतो. वर गेलेली प्रत दिसायला पूर्ण असते, पण तिचे तुकडे वेगवेगळ्या वेळचे असतात. ती उघडायला गेलं की टॅली डेटा खराब असल्याचं सांगते, मग रिपेअर करत बसायचं आणि त्यात काही व्हाउचर गळाली तर कळतही नाही.

बरोबर पद्धत अशी. सगळ्यांनी टॅली बंद करायची. सर्व्हरवरच्या टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘डेटा’ मेनूतून ‘बॅकअप’ घ्यायचा. तो डेटा फोल्डरच्या बाहेर, आणि सोम, मंगळ, बुध अशा वारांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यायचा. एकाच जागी रोज घेतला तर कालच्यावर आजचा बसतो, आणि बिघाड परवाच झालेला असेल तर हातात बिघडलेलीच प्रत राहते. तयार झालेली बॅकअपची फाइल मग खुशाल ड्राइव्हवर टाका. या बॅकअपमध्ये तुमच्यासाठी खास करून घेतलेल्या टीडीएल फाइली (टॅलीत हवे तसे बदल करणारे छोटे प्रोग्रॅम) येत नाहीत, बिलाचा तुमचा छापील नमुना त्यांतच असतो. त्या वेगळ्या उचलून ठेवाव्या लागतात.

कुठलीही प्रत बॅकअप आहे की नाही हे ठरवायला मी एकच गोष्ट विचारतो: मूळ आणि प्रत, दोन्ही एकदम कशानं जातील? सर्व्हरमध्ये दोन डिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे रेड १. त्यातली एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, पण फाइल पुसली तर दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. यूएसबी हार्ड डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली आहे. विजेचा एक झटका किंवा एक व्हायरस दोन्हीला पुरतो. नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घेतलाय, पण तो प्रत्येक पीसीवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. मग अकाउंटंटच्या पीसीवर आलेला रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) त्या झेडवरही तितक्याच सहज लिहितो.

रॅन्समवेअर आत कसा येतो, हेही बघा. मालकांना घरून टॅली बघायची असते, म्हणून राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याचा) पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, सरळ इंटरनेटला उघडलेला असतो आणि पासवर्ड असतो फर्मचं नाव आणि १२३. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम जगभरातून चोवीस तास फिरत असतात. हा पोर्ट आज बंद करा, घरून काम करायचं तर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) लावा. बॅकअपवर एक रुपयाही घालण्याआधी करायचं काम हे आहे.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, हा ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल. आता त्यात एक भर घालावी लागते: निदान एक प्रत अशी हवी, जी ऑफिसातून कुणालाही पुसता येणार नाही. नॅसवर बॅकअपसाठी वेगळा यूजर करा, त्याचा पासवर्ड फक्त बॅकअपच्या सॉफ्टवेअरला द्या आणि तो फोल्डर एकाही पीसीवर ड्राइव्ह म्हणून जोडू नका. क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक नावाची, ठरलेले दिवस प्रत पुसू न देणारी सोय मिळते. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) एस३ या फाइली ठेवण्याच्या सेवेत ती कम्प्लायन्स मोडमध्ये ३० दिवसांची लावली, तर त्या ३० दिवसांत खात्याच्या मुख्य मालकालाही ती प्रत पुसता येत नाही. म्हणूनच दिवसांचा आकडा विचार करून टाका. चुकून ३००० टाकला तर तितके दिवस बिल भरत राहावं लागतं.

आता आकडे. पंधरा-वीस पीसी आणि एक सर्व्हर असलेल्या फाउंड्रीचा टॅली, ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रॉइंग मिळून ६०० जीबी डेटा धरू. बॅकअप सॉफ्टवेअर तो दाबून साधारण ४०० जीबीवर आणेल. कॅडच्या फाइली दबतात, फोटो आणि पीडीएफ फारशा दबत नाहीत. रोजचा बदल १० जीबी. महिन्याभराच्या रोजच्या प्रती ठेवायच्या तर ४०० अधिक ३०० म्हणजे ७०० जीबी लागतात. दोन वर्षांची वाढ धरून नॅसमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये टाकल्या की पुरतं. इंटरनेटचं गणित मात्र बहुतेक जण चुकवतात. कनेक्शनवर लिहिलेले २० एमबीपीएस हे मेगाबिट असतात, म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट. त्या अपलोडनं पहिली ४०० जीबीची प्रत चढायला सलग ४४ तास लागतात. ती साप्ताहिक सुट्टीला जोडून सुरू करा, कामाच्या वेळेत वेग ५ एमबीपीएसवर बांधा, नाहीतर ई-वे बिलाचं पानच उघडत नाही म्हणून कुणीतरी बॅकअपच बंद करून टाकेल. पुढं रोजचे १० जीबी तासा-सव्वातासात जातात. उलट दिशेनं, १०० एमबीपीएसच्या डाउनलोडनं ४०० जीबी खाली आणायला कागदावर ९ तास आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणून रोजच्या अडचणीसाठी नॅस आणि मोठ्या संकटासाठी क्लाउड, अशी दोन्ही लागतात.

स्वस्त म्हणून क्लाउडचा सगळ्यात खालचा वर्ग घेण्याची घाई करू नका. एस३ च्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये मागितलेली फाइल मिळायला १२ तास लागू शकतात, स्वस्तातली मागणी केली तर ४८, आणि कुठलीही फाइल १८० दिवसांच्या आत काढली तरी १८० दिवसांचे पैसे लागतात. रोज बदलणाऱ्या बॅकअपसाठी तो महागच पडतो. वर्षअखेरीची, हात न लागणारी प्रत तिथं शोभते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेबपुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, त्यासाठी तो वर्ग योग्य. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक: ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबपुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. खातं उघडताना रीजन (डेटा ठेवण्याचं ठिकाण) भारतातलं, एडब्ल्यूएसवर मुंबई किंवा हैदराबाद, असं मुद्दाम निवडा. आणि खातं फर्मच्या नावानं, फर्मच्या मोबाइल नंबरवर काढा. संगणक दुरुस्तीवाल्याच्या ईमेलवर काढलेलं खातं तो गाव सोडून गेला की तुमचं राहत नाही.

सर्व्हर एकच, पण त्यावर दोन-तीन व्हर्च्युअल मशिन्स (सॉफ्टवेअरनं तयार केलेले, एकमेकांपासून वेगळे संगणक) चालवायची, हे लहान कारखान्यालाही परवडतं. एका मशिनवर टॅली आणि ईआरपी, दुसऱ्यावर फाइली आणि यूजर. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये, सगळे कोर मोजून घेतले असतील तर, अशी दोन मशिन्स चालवता येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर (अशी मशिन्स चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतल्यावर तिची कायमची लायसन्स बंद झाली. लहान उद्योगांनी आता त्याच कामाचं हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स घ्यावं असं मी सांगतो. फायदा मोठा आहे: अख्खं मशिन एक फाइल होऊन जातं, आणि सर्व्हर जळाला तर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरही ते उठतं.

इथंही स्नॅपशॉटला (मशिनच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदीला) बॅकअप समजण्याची चूक होते. स्नॅपशॉट मूळ डिस्कच्याच आधारावर उभा असतो. ती गेली की तोही गेला. शिवाय तो वाढत जातो. ईआरपी अपडेट करण्याआधी घेतलेला स्नॅपशॉट विसरला, तो महिनाभर फुगला, स्टोरेज भरलं आणि भर दुपारी सगळी मशिन्स थांबली, हे ठरलेलंच. काम झालं की दोन-तीन दिवसांत काढून टाका. प्रॉक्समॉक्सवर असाल तर प्रत्येक मशिनमध्ये गेस्ट एजंट (बॅकअपच्या वेळी मशिनला तयार करणारा छोटा प्रोग्रॅम) बसवलाय का ते बघा. त्याच्याशिवाय घेतलेली प्रत प्लग खेचून बंद केलेल्या मशिनसारखी असते, आणि त्यात डेटाबेस अर्धवट लिहिलेला सापडू शकतो. ईआरपी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर असेल तर व्हर्च्युअल मशिनची प्रत असूनही डेटाबेसचा आणि त्याच्या लॉगचा (प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप वेगळा लावा. फुल रिकव्हरी या सेटिंगवर ठेवलेल्या डेटाबेसचा लॉग बॅकअप न घेतल्यास फुगत जाऊन डिस्क भरतो.

फाउंड्रीतला एक पीसी सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा. जुनं विंडोज, डोंगलवरचं (यूएसबीच्या किल्लीशिवाय न चालणारं) सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशनच्या फाइली. तो बंद पडला की हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) केमिकल काढता येत नाही, मग ओतकामच थांबतं. त्याची पूर्ण डिस्क इमेज घ्या, ती एका नव्या एसएसडीवर उतरवा, त्या एसएसडीवरून पीसी एकदा सुरू करून एक नमुना मारून बघा आणि एसएसडी लेबल लावून कपाटात ठेवा. व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशिनिंग यंत्राच्या) प्रोग्रॅमच्या पीसीलाही हेच लागू.

बॅकअप ‘सक्सेसफुल’ असा हिरवा मेल रोज येतो, त्यावर समाधान मानू नका. महिन्यातून एकदा टॅलीची एक कंपनी रिकाम्या, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. चालू फोल्डरमध्ये नको, नाहीतर आजच्या डेटावर जुना बसेल. मग त्या तारखेचं डे बुक उघडा, शेवटचा व्हाउचर नंबर आणि बॅलन्स शीटची बेरीज मूळाशी ताडून बघा. तीन महिन्यांतून एकदा अख्खं व्हर्च्युअल मशिन दुसऱ्या संगणकावर उठवा. त्याचं नेटवर्क कार्ड आधी डिस्कनेक्ट करा, मगच ते सुरू करा. तसंच उठवलं तर एकाच आयपीचे दोन सर्व्हर ऑफिसात भांडतील, आणि ईआरपीत मेल आपोआप जात असतील तर गिऱ्हाइकांना जुनी बिलं परत जातील. किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहा. सर्व्हर बंद पडला तर काम कधी सुरू होईल, याचं मालकांना द्यायचं खरं उत्तर तेच.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्येही तसंच. शाहूपुरीत तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच्याच खालच्या खणात बॅकअपची डिस्क, ही मांडणी आजही दिसते. बंधारा ३९ फुटांवर आला की एक जादा पूर्ण बॅकअप घ्या, व्हर्च्युअल मशिन्स आधी आणि सर्व्हर नंतर असे रीतसर बंद करा, यूपीएसची बॅटरी सोडवा, सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या. डिस्क आर. के. नगरसारख्या उंचावरच्या घरी पोचवा. पुरात वीज आणि नेट आठवडाभर नसेल असं धरून चाला. महामार्गही शिरोलीजवळ बंद होतो, म्हणजे शहरात राहणारा माणूस एमआयडीसीत पोचत नाही. क्लाउडचा पासवर्ड, ओटीपीचे रिकव्हरी कोड आणि बॅकअपच्या एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर लिहून दोन पाकिटं करा, एक शहरात, एक नदीपलीकडे राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे. किल्ली फक्त सर्व्हरवर असेल आणि सर्व्हर पाण्यात गेला, तर क्लाउडवरची प्रत कुणालाच उघडता येत नाही.

डिस्क भिजलीच तर चालू करून बघू नका, उन्हात वाळवू नका, ड्रायर मारू नका. आतला गाळ वाळला की प्लॅटरवर चिकटतो आणि डिस्क फिरवली की पृष्ठभाग खरवडला जातो. ओली आहे तशीच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडे पाठवा.